गायगर काउंटरने रेडिएशन मोजताय? मग युनिट, वेळ आणि बॅकग्राऊंडचे हे घोळ आधी निस्तरा

स्वस्तातले गायगर काउंटर ऑनलाइन मिळायला लागल्यापासून एक गोष्ट सारखी दिसते, कोणीतरी स्क्रीनचा फोटो टाकतं, त्यावर ०.२८ असा आकडा असतो, आणि खाली प्रश्न असतो की हे धोकादायक आहे का. किती वेळ मोजलं ते लिहिलेलं नसतं, कशाला टेकवून मोजलं ते नसतं, त्या जागचं नेहमीचं रीडिंग किती तेही नसतं. अशा आकड्यावर खरं म्हणजे काहीच सांगता येत नाही. बारावीच्या, बीएस्सीच्या प्रोजेक्टमध्येही हाच घोळ असतो, फक्त तिथे तो ग्राफ काढून स्पायरल बाइंडिंग केलेला असतो.

खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. बहुतेक लोक पाचव्यापासून सुरू करतात आणि सातव्यावर येऊन घाबरतात.

टप्पा १: यंत्राला काय दिसतं आणि काय दिसत नाही

मोबाईल टॉवर, वायफाय, मायक्रोवेव्ह ओव्हन यांच्यासाठी गायगर काउंटर नाही. अणूतून इलेक्ट्रॉन उपटून काढायला साधारण दहा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते, आणि दोन गिगाहर्ट्झच्या मोबाईल सिग्नलमधल्या एका फोटॉनकडे एका इलेक्ट्रॉनव्होल्टचा लाखावा भागसुद्धा नसतो. त्यामुळे टॉवरखाली उभं राहून 'बघा काहीच येत नाही' किंवा 'बघा किती येतंय' या दोन्ही पोस्टना अर्थ नाही. उलट काही स्वस्त यंत्रांच्या सर्किटमध्ये शेजारी ठेवलेल्या मोबाईलमुळे खोटे काउंट येतात, म्हणून फोन दोन हात लांब ठेवा.

गायगर ट्यूब, म्हणजे यंत्रातली वायू भरलेली नळी, पकडते ते आयनीकरण करणारं, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन उपटू शकणारं रेडिएशन, आणि त्यातलंही सगळं नाही.

अल्फा म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा जड कण. हवेत काही सेंटिमीटर जातो, कागदाने अडतो, त्वचेच्या वरच्या मेलेल्या थराने पण अडतो. बाहेरून त्याची फारशी भीती नाही, पण श्वासातून किंवा खाण्यातून आत गेला तर सगळ्यात वाईट हाच.

बीटा म्हणजे अणूकेंद्रातून वेगाने निघालेला इलेक्ट्रॉन. काही मिलिमीटर ॲल्युमिनियमने थांबतो.

गॅमा आणि एक्स-रे म्हणजे फोटॉन. हे 'थांबत' नाहीत, कमी होत जातात. शिसं किंवा काँक्रीट जितकं जाड तितके कमी.

न्यूट्रॉन हा चौथा प्रकार, तो साध्या ट्यूबला जवळपास दिसतच नाही, त्यामुळे इथे त्याला सोडून देऊ.

चेक: तुमच्या यंत्रात कोणती ट्यूब आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. एसबीएम-२० ही धातूच्या भिंतीची ट्यूब असते, जे-३०५ काचेची. दोन्हीतून अल्फा आत जात नाही. अल्फासाठी अभ्रकाची पातळ खिडकी असलेली ट्यूब लागते. ट्यूबचं नाव माहीत नसताना 'अल्फा शून्य आला' असं प्रोजेक्टमध्ये लिहू नका, आला नाही आणि दिसला नाही यात फरक आहे.

टप्पा २: युनिट सरळ करून घ्या

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा. तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांची तीन वेगळी युनिटं आहेत.

पहिला प्रश्न, पदार्थात दर सेकंदाला किती अणू फुटतायत? त्याचं उत्तर बेकरेल. सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल. जुनं युनिट क्युरी, एक क्युरी म्हणजे ३७ अब्ज बेकरेल. बेकरेल इतकं चिमुकलं युनिट आहे की त्यातला कुठलाही आकडा भयंकर वाटतो. तुमच्या स्वतःच्या शरीरात पोटॅशियम-४० (पोटॅशियमचा किरणोत्सर्गी प्रकार) मुळे चार हजार बेकरेलच्या आसपास चालू असतं, आत्ता, वाचताना सुद्धा. बातमीत 'हजारो बेकरेल' आलं की आधी 'कशात आणि किती किलोत' हे विचारायचं.

दुसरा प्रश्न, शरीराने किंवा वस्तूने किती ऊर्जा शोषली? त्याचं उत्तर ग्रे. एक किलोत एक ज्यूल म्हणजे एक ग्रे. जुनं युनिट रॅड, १०० रॅड म्हणजे एक ग्रे.

तिसरा प्रश्न, त्या ऊर्जेने माणसाला किती इजा होऊ शकते? त्याचं उत्तर सीव्हर्ट. गॅमा आणि बीटासाठी ग्रेला १ ने गुणायचं, अल्फासाठी २० ने. वेगवेगळ्या अवयवांचा हिशोब त्याच्या पुढे येतो. जुनं युनिट रेम, १०० रेम म्हणजे एक सीव्हर्ट.

आता बघा, तुमचं यंत्र यातलं एकही सरळ मोजत नाही. ते फक्त टिकटिक मोजतं, म्हणजे मिनिटाला किती काउंट, त्याला सीपीएम म्हणतात. स्क्रीनवरचा मायक्रोसीव्हर्टचा आकडा म्हणजे सीपीएमला आत भरून ठेवलेल्या एका संख्येने गुणलेलं उत्तर. एसबीएम-२० साठी ०.००५७ हा गुणक बऱ्याच यंत्रांत असतो, म्हणजे २० सीपीएमला ०.११ दिसणार. हा गुणक ठराविक ऊर्जेच्या गॅमासाठी काढलेला असतो, बहुतेकदा सीझियम-१३७ धरून. ट्यूबला कण कुठला, त्याची ऊर्जा किती, हे कळतच नाही, सगळ्याला एकच टिक. त्यामुळे समोर बीटा सोडणारी वस्तू ठेवली की काउंट खरे असतात पण मायक्रोसीव्हर्टचा आकडा काल्पनिक होतो. वहीत नेहमी सीपीएम लिहा.

नेहमीच्या चुका, पटापट:

मिलि आणि मायक्रो यांच्यात हजारपटीचा फरक आहे. स्क्रीनवर शेपटीवालं अक्षर असेल तर मायक्रो.

'०.१२ मायक्रोसीव्हर्ट' असं नुसतं लिहिणं म्हणजे गाडीचा वेग '४० किलोमीटर' सांगणं. तासाला की वर्षाला? यंत्र तासाचा दर दाखवतं, एक्स-रेचा आकडा एकूण डोसचा असतो, दोघांची तुलना थेट करायची नाही.

जुन्या रशियन यंत्रावर मायक्रोरॉन्टजेन असेल तर गॅमासाठी ढोबळ हिशोब, १० मायक्रोरॉन्टजेन म्हणजे ०.१ मायक्रोसीव्हर्ट.

आणि बेकरेलवरून सीव्हर्ट काढायचा कुठलाही एक सरसकट गुणक नाही. कोणता अणू, किती लांब, शरीरात गेला की बाहेर, हे सगळं लागतं.

टप्पा ३: यंत्राची तयारी

१. बॅटरी पूर्ण भरा. ट्यूबला साधारण ४०० व्होल्ट लागतात, बॅटरी उतरली की काही स्वस्त सर्किटमध्ये हा व्होल्टेज ढळतो आणि काउंट गुपचूप कमी होतात.

२. काचेची ट्यूब असेल तर उन्हात ठेवू नका, उजेडाने काही ट्यूबमध्ये खोटे काउंट येतात. टेरेसवर दुपारी रेडिएशन वाढलं असं वाटणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

३. यंत्र पातळ प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशवीत घाला. नमुन्याची पूड यंत्राला लागली तर पुढची सगळी रीडिंग वाया. अभ्रकाची खिडकी असेल तर त्या बाजूने काहीही टेकवू नका, ती बोटानेही फुटते.

४. ट्यूब आणि नमुना यांच्यातलं अंतर ठरवा आणि प्रत्येक वेळी तेच ठेवा. दोन ठोकळे चिकटवून स्टँड करा, हाताने धरून मोजलेलं प्रोजेक्टमध्ये चालत नाही.

सावध: उघडा किट बोर्ड असेल तर चालू असताना हात लावू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

टप्पा ४: बॅकग्राऊंड

हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून सगळे गाळतात आणि नंतर पुढचं सगळं हवेत राहतं.

काहीही समोर न ठेवता यंत्र वाजतंच. आकाशातून येणारे वैश्विक किरण, जमिनीतलं आणि भिंतीतलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम, हवेतला रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू, सगळं मिळून. जागेप्रमाणे बदलतं. आपल्या दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये हे घटक कमी, हैदराबाद-बंगळूरकडच्या ग्रॅनाइटमध्ये जास्त, आणि केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत थोरियम असल्यामुळे तिथे कित्येक पट जास्त. म्हणून बंगळूरच्या मित्राचं रीडिंग आणि पुण्यातलं तुमचं रीडिंग वेगळं आलं तर कोणाचंच यंत्र बिघडलेलं नाही.

मुख्य मुद्दा असा की विघटन ठरल्या वेळी होत नाही. पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडतात तसं, एकदम चार, मग शांतता, मग दोन. म्हणून एका मिनिटाचं रीडिंग घेऊन काही ठरवता येत नाही. नियम सोपा, एकूण काउंट जितके त्याचं वर्गमूळ हा तुमचा अंदाजे झोल. एका मिनिटात २० काउंट आले तर झोल साडेचार, म्हणजे पुढच्या मिनिटाला १४ आले काय नि २७ आले काय, दोन्ही नॉर्मल. दहा मिनिटांत २०० आले तर झोल १४, म्हणजे सात टक्के. तासात १२०० आले तर ३५, तीन टक्क्यांच्या आत.

करायचं असं:

१. जिथे नमुना मोजणार त्याच टेबलावर, त्याच स्टँडवर, नमुना नसताना किमान ३० मिनिटं मोजा.

२. स्क्रीनवरचा क्षणाचा आकडा बघू नका. एकूण काउंट आणि एकूण वेळ लिहा.

३. नमुन्याचं रीडिंग झालं की परत एकदा बॅकग्राऊंड घ्या. आधीचं आणि नंतरचं झोलाच्या पलीकडे वेगळं असेल तर मध्ये काहीतरी बदललंय.

चेक: बाहेर पाऊस पडतोय का? पावसाबरोबर हवेतल्या रेडॉनपासून तयार झालेले शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ खाली येतात आणि अंगणातलं रीडिंग तात्पुरतं वर जातं. यांचं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ) अनुक्रमे २७ आणि २० मिनिटांच्या आसपास, म्हणजे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत उतरतं. सरीनंतर लगेच गाडीचं बॉनेट टिश्यूने पुसून तो टिश्यू यंत्राखाली ठेवून बघा, दर दहा मिनिटांनी काउंट लिहा, उतरता ग्राफ फुकटात मिळतो. प्रोजेक्टवाल्यांनी जूनमध्येच करून ठेवा, डिसेंबरमध्ये सुचून उपयोग नाही.

टप्पा ५: घरचा सोर्स, म्युरेट ऑफ पोटॅश

यंत्र चालतंय का हे तपासायला लोक काय काय शोधतात. केळ्याचं तर विचारूच नका, एका केळ्यात पंधरा बेकरेलच्या आसपास असतं, साध्या गायगरला ते बॅकग्राऊंडमधून वेगळं काढताच येत नाही. गाडीवरच्या चमकणाऱ्या रेडियम स्टिकरमध्ये किरणोत्सर्गी काही नसतं, तो फक्त प्रकाश परत फेकतो. पेट्रोमॅक्सच्या जुन्या मँटलमध्ये थोरियम असायचं, पण ती जाळी चुरगळते आणि पूड श्वासात जाते, शिवाय थोरियम अल्फा सोडतं, म्हणून घरात नकोच. स्मोक डिटेक्टर उघडून आतलं अमेरिशियम काढणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा.

कृषी सेवा केंद्रात जा आणि एक किलो सुटं पोटॅश मागा, ०:०:६० वालं. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतं, त्यामुळे एक ग्रॅम पोटॅशियम म्हणजे ३१ बेकरेल. या खतात निम्मं वजन पोटॅशियमचं, म्हणजे किलोत १५ हजार बेकरेल. ऐकायला प्रचंड, पण शेतकरी पिढ्यानपिढ्या हाताने टाकतायत ते हेच. सोबत तेवढाच युरिया घ्या, त्यात पोटॅशियम नसतं, तो आपला तुलनेचा नमुना.

१. दोन्ही सारख्या पातळ पिशव्यांत भरा, सारखे सपाट पसरा, तोंड पक्कं बंद करा. पोटॅश ओल धरतं आणि यंत्राचा पत्रा खातं.

२. युरियावर ३० मिनिटं. एकूण काउंट लिहा.

३. त्याच अंतरावर पोटॅशवर ३० मिनिटं. आकडा स्पष्ट वाढलेला दिसला पाहिजे. किती पट ते ट्यूबवर आणि अंतरावर आहे.

४. मध्ये साधा कागद ठेवा, परत मोजा. जवळपास फरक नाही, कारण पोटॅशियम-४० अल्फा सोडत नाही.

५. कागद काढून स्टीलच्या दोन सपाट ताटल्या एकावर एक ठेवा, मोजा. आकडा जवळजवळ युरियाच्या पातळीवर येतो. बीटा अडला. उरला तो गॅमा, पण शंभरातल्या साधारण अकरा विघटनांतच गॅमा निघतो आणि ट्यूबला गॅमातला अगदी थोडा भाग दिसतो.

चारही रीडिंग एका रांगेत लिहिलीत की प्रकार कोणता हे पुस्तक न उघडता कळतं.

इथे होणाऱ्या चुका: 'जास्त पोटॅश म्हणजे जास्त काउंट' म्हणून पाच किलोची गोणी उभी करतात. बीटा पोटॅशमध्येच अडतो, वरच्या काही मिलिमीटरमधलाच बाहेर येतो, खालचा सगळा ढीग फुकट. पसारा वाढवा, उंची नको. दुसरी चूक, याच पिशवीवर अंतराच्या वर्गाचा नियम सिद्ध करायला बसतात. दुप्पट अंतराला पाव काउंट हा नियम बिंदूएवढ्या सोर्सचा आहे, पसरलेल्या पिशवीजवळ तो लागू पडत नाही. आणि हो, हात धुवा, सोर्स म्हणून नाही, खत म्हणून.

टप्पा ६: फरक खरा की नुसता झोल

दोन्ही रीडिंगला सारखा वेळ दिला असेल तर हिशोब एका ओळीचा आहे. फरक काढा, दोन्ही काउंटची बेरीज करून तिचं वर्गमूळ काढा, पहिल्याला दुसऱ्याने भागा.

समजा युरियावर ६०० आणि पोटॅशवर १०५०. फरक ४५०, बेरीज १६५०, वर्गमूळ ४१ च्या आत. भागाकार ११. शंकाच नाही.

आता किचन ओट्याचा ग्रॅनाइट मोजला, समजा ६९० आले आणि बॅकग्राऊंड ६००. फरक ९०, बेरीज १२९०, वर्गमूळ ३६, भागाकार अडीच. इथे लोक लगेच 'ग्रॅनाइट किरणोत्सर्गी' म्हणून मोकळे होतात. थांबा. अडीच म्हणजे संशय, पुरावा नाही. वेळ दोन तास करा. दर तोच राहिला तर २७६० आणि २४००, भागाकार पाच, आता बोला. भागाकार तीनच्या खाली असताना काही जाहीर करू नये असं माझं मत आहे, आणि मनासारखं रीडिंग आलं की मोजणं बंद करायची सवय तर सगळ्यात वाईट.

टप्पा ७: डोसचा हिशोब, करायचाच असेल तर

फक्त बॅकग्राऊंडसाठी करा, आणि तोही ढोबळ म्हणून. ०.१२ मायक्रोसीव्हर्ट प्रति तास गुणिले वर्षाचे ८७६० तास, म्हणजे १०५१ मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे १.०५ मिलिसीव्हर्ट.

इथे दोन उड्या मारल्या जातात, दोन्ही चुकीच्या. पहिली, 'जगाची सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट आहे, माझी १.०५, म्हणजे मी निम्म्यावर.' त्या २.४ मधला जवळपास अर्धा भाग श्वासातून जाणाऱ्या रेडॉनचा आहे, तो तुमच्या यंत्राने मोजलेलाच नाही. दुसरी, 'एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे आणि माझी तर जास्त आली!' ती मर्यादा निसर्गातल्या आणि वैद्यकीय तपासण्यांमधल्या डोसव्यतिरिक्त सामान्य माणसाला मिळू शकणाऱ्या जादा डोसची आहे. बॅकग्राऊंडची तुलना तिच्याशी करायचीच नाही.

अजून एक गोंधळ. रेडिएशन लागणं आणि किरणोत्सर्गी पदार्थ चिकटणं या दोन गोष्टी वेगळ्या. लासलगावच्या केंद्रात कांदा आणि आंब्यावर कोबाल्ट-६० चा गॅमा सोडतात, आंबा किरणोत्सर्गी होत नाही, गायगर लावून बघा हवं तर. एक्स-रे काढलेल्या माणसाजवळ जायला घाबरण्याचं कारण नाही. पण किरणोत्सर्गी धूळ कपड्याला लागली असेल तर ती माणसाबरोबर घरी येते.

टप्पा ८: रीडिंग खरंच जास्त आलं तर

१. आधी लांब व्हा, मग विचार करा. सोर्स छोटा असेल तर दुप्पट अंतराला पाव दर होतो.

२. लांबून बॅकग्राऊंड घ्या. तिथेही तितकंच जास्त असेल तर यंत्र, मोबाईल, ऊन, पाऊस हे क्रमाने तपासा.

३. यंत्र अचानक शांत झालं म्हणजे धोका गेला असं समजू नका. प्रत्येक टिकनंतर ट्यूब क्षणभर आंधळी असते. हा वेळ २०० मायक्रोसेकंद धरला तर सेकंदाला १००० कण आले की साधारण ८३० च मोजले जातात, आणि फार तीव्र ठिकाणी काही यंत्रं शून्यावर येतात. यंत्राच्या वरच्या मर्यादेचा आकडा तर कधीच खरा मानू नका. १९८६ मध्ये चेर्नोबिलला सुरुवातीला तासाला ३.६ रॉन्टजेन असं सांगितलं गेलं, कारण हाताशी असलेल्या मीटरची पट्टी तिथेच संपत होती.

४. भंगारात जड शिशाचं भांडं किंवा तीन पात्यांचं चिन्ह असलेली वस्तू दिसली तर उघडू नका, कापू नका, हलवू नका, फोटोसाठी जवळही जाऊ नका. दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० साली कोबाल्ट-६० असंच पोचलं होतं आणि एक माणूस गेला.

५. ११२ वर फोन करा आणि एईआरबीला कळवा, त्यांचं ऑफिस मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. सांगताना सीपीएम, बॅकग्राऊंडचा सीपीएम, अंदाजे अंतर मीटरमध्ये, किती मिनिटं मोजलं, ट्यूब कोणती, आणि जागेचा पत्ता, एवढं द्या. मायक्रोसीव्हर्टचा आकडा शेवटी सांगितला तरी चालेल.